लोणचं म्हणून पाठवलेला डबा

आष्ट्याहून सांगलीला जायला एसटी आहे. आमच्या दारात, कापड घालून झाकलेली, नवऱ्याची चारचाकीही आहे. नवरा लष्करात, त्यामुळे ती वर्षातून दोन महिने रस्त्यावर येते. मला चालवता येत नाही आणि शिकायची हौसही नाही. एकटीनं उसाच्या ट्रॉल्यांशी भांडत पंचवीस किलोमीटर जायचं, त्यापेक्षा चौदा जणांबरोबर घामाघूम होऊन गेलेलं बरं. एसटीबद्दल मी काही बोलत नाही, ती तिच्या मर्जीची मालकीण आहे. म्हणून गेली अकरा वर्षं मी वडापने शाळेला जाते.

वडाप म्हणजे भरली की सुटणारी गाडी. आमची मात्र ठरलेली आहे. सकाळी नऊला आष्ट्याच्या चौकातून निघते आणि तुंग, डिग्रज करत सांगलीला मला उतरवून पुढे मिरजेला जाते. माणसं रोजची तीच. दहा जणांच्या गाडीत चौदा बसवायचं एक शास्त्र आहे: एका बाकावर चौघं, एकानं मागे टेकायचं, शेजारच्यानं पुढे सरकायचं, मग पुन्हा एक मागे, एक पुढे. कुणाला सांगावं लागत नाही. मी पुढे सरकणाऱ्यांतली. माझ्या डावीकडे, मागे टेकून, तुंगला चढणाऱ्या मावशी बसतात. सांगलीत मुलींच्या एका वसतिगृहात त्या स्वयंपाक करतात. अकरा वर्षं आम्ही बरगडीला बरगडी लावून बसलो आहोत. माझ्या सख्ख्या बहिणीच्याही मी इतकी जवळ कधी बसले नसेन.

गाडीचा मोबाईलवर ग्रुप आहे. त्यात साठ-बासष्ट माणसं. सकाळी फुलांची चित्रं, मग ‘डिग्रज सोडलं’, ‘आज मी नाही, जागा धरू नका’, ‘छत्री कुणाची राहिली’. आणि माणसांखेरीज गाडीतून वस्तू जातात. शिकायला मिरजेत राहिलेल्या पोरांचे डबे, विसरलेला चष्मा, मोटारीचा सुटा भाग, पिको करायला दिलेली साडी. इकडे कुणीतरी देतं, तिकडे कुणीतरी कोपऱ्यावर उभं राहून घेतं. पावती नाही, काही नाही. ड्रायव्हरचा नियम एकच. हातात घ्यायच्या आधी तो विचारतो, “काय हाय ह्यात?” एकदा कुणीतरी कोंबडी पाठवली होती आणि ती डिग्रजजवळ सुटली, तेव्हापासूनचा हा नियम.

जानेवारीत अंघोळ करताना मला डाव्या छातीत गाठ लागली. हरभऱ्याएवढी. साबण लावता लावता हात थांबला, मग मी दुसऱ्या बाजूला चाचपून पाहिलं, तिथे काही नव्हतं. मी साबण धुतला, साडी नेसले आणि नऊच्या गाडीला गेले. त्या दिवशी वर्गात मी दोनदा एकच गणित शिकवलं.

आता वाचणाऱ्याला वाटेल, शिकलेली बाई, लगेच दवाखान्यात गेली असेल. मी चार महिने गेले नाही. पोरांना मी ओरडते, चूक लपवू नका, खोडरबरानं कागद फाडू नका, आणि मी स्वतः रोज सकाळी दार लावून गाठ मोठी झाली का बघत होते. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मनाला समजवायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्याला फोनवर काय सांगणार? तो तिकडे बर्फात, सुट्टी मिळायची नाही, उगाच झोप उडायची. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना सांगितलं तर गल्लीत दिवा लागायच्या आत सगळ्यांना कळणार आणि बायका मला बघायला येणार. मला त्या बघण्याचीच भीती होती. आजाराची भीती रात्री वाटायची, लोकांची दिवसभर.

एप्रिलमध्ये गाठ सुपारीएवढी झाली, तेव्हा मात्र मी गेले. गावातलेच डॉक्टर, जुने. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी करायला लावली आणि म्हणाले, “काढून टाकू आणि तपासायला पाठवू. तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही.” शनिवारी सकाळी लवकर त्यांनी भूल देऊन गाठ काढली. आत्यांना मी काखेत गळू झालंय म्हणून सांगितलं होतं.

शुद्धीवर येऊन थोडी बसती झाल्यावर डॉक्टरांनी एक प्लास्टिकची बाटली समोर ठेवली. पाण्यासारखं औषध आणि त्यात तो तुकडा. पांढरट, थोडा पिवळा. आपल्याच अंगातली वस्तू अशी बाहेरून बघताना काय वाटतं ते मला सांगता येत नाही. मला तिचा राग आला, एवढं आठवतं.

“हे मिरजेच्या लॅबमध्ये पोचवायचं,” डॉक्टर म्हणाले. “आमचा माणूस मंगळवारी जातो. घाई असेल तर तुमच्या कुणाबरोबर पाठवा. औषधात आहे, खराब होणार नाही. पण सांडू देऊ नका, कुणाला उघडू देऊ नका, ते विष आहे. आणि हरवू नका. दुसरा तुकडा नाही आपल्याकडे.”

मंगळवारपर्यंत थांबायचा धीर मला नव्हता. चार महिने थांबलेली बाई, तिला आता तीन दिवस जड झाले. माझा धाकटा भाऊ मिरजेत एका बँकेत आहे. फक्त त्यालाच मी सगळं सांगितलं होतं. त्याला फोन केला. तो म्हणाला, “अक्का, गाडीत दे, मी पावणेबाराला कोपऱ्यावर उभा राहतो.” शनिवारी आमची गाडी उशिरा, साडेदहाला निघते. मी बाटली रुमालात गुंडाळली, भावाच्या डब्यासाठी ठेवलेल्या स्टीलच्या उभ्या डब्यात बसवली, डबा फडक्यात घट्ट बांधला आणि टाके सांभाळत चौकात गेले.

ड्रायव्हरनं हात पुढे केला आणि विचारलं, “बाई, काय हाय ह्यात?”

मी त्याचा विचारच केला नव्हता. गाडीत सगळी ओळखीची तोंडं, मागच्या बाकावरच्या बाया माझ्याकडे बघत होत्या, सुट्टी असून बाई कशा आल्या म्हणून. मी म्हणाले, “लोणचं. भावाला पाठवतेय. आडवं करू नका, तेल सांडेल.”

किती चपखल खोटं होतं. सरळ ठेवायचं कारणही आपोआप सापडलं. कैरीचे दिवस, कुणाला शंका यायचं कारण नाही. त्यानं डबा पायाशी नीट उभा ठेवला, भावाचा नंबर घेतला, आणि गाडी गेली. मी स्वतःवर खूश होऊन घरी आले. गळू फोडून आलेल्या बाईला शोभेल असं कण्हत आत्यांसमोर पडले आणि घड्याळ बघू लागले.

बारा वाजता भावाचा फोन नाही. सव्वाबाराला मी केला तर तो म्हणाला, “अक्का, साहेबांनी अडकवलंय, निघतोच.” मला तो फोनमधून ओढून काढावासा वाटला. साडेबाराला त्याचा फोन. “अक्का, मी आलोय. गाडी न्हाई.”

“ड्रायव्हरला फोन कर.”

“केला. उचलत न्हाई.”

मी केला. वाजून वाजून बंद. पुन्हा केला, पुन्हा तेच. दहा वेळा केला असेल. शनिवारी तो मिरजेतून दुसरं भाडं घेऊन पुढे जातो हे मला माहीत होतं. फोन पुढच्या काचेखाली चार्जिंगला लावलेला असतो, गाणी चालू असतात. तो आता कुठल्या रस्त्याला असेल, कुणास ठाऊक. आणि डबा? कोपऱ्यावर कुणी नसलं तर तो डबा काय करतो, हे अकरा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. माझा डबा नेहमी वेळेवर घेतला जायचा.

गाडीत मिरजेपर्यंत जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “डबा व्हय? भाऊ आलाच न्हाई तुमचा. पोलिस गाडी थांबू देईना. मग डायवरनं कुणाकडं तरी दिला बघा. चहाच्या गाड्यावर का काय.”

“कुठल्या गाड्यावर?”

“ते न्हाई बघितलं मी. आवं बाई, लोणचंच हाय न्हवं? कुटं जातंय? सोमवारी मिळंल की.”

मी बरं म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या एका रोजच्या प्रवाशाला केला. त्यालाही माहीत नव्हतं, आणि तोही हसून तेच म्हणाला. वर म्हणाला, “डायवर मंडळी जेवायला बसली आस्तील तर मात्र गेलं तुमचं लोणचं.”

मी अंथरुणात उठून बसले आणि टाक्यातून कळ गेली. एक वाजत आला होता. मिरजेत चहाच्या एखाद्या गाड्यावर पाच-सहा ड्रायव्हर भाकरीची फडकी सोडून बसले आहेत, मध्ये कुणाचा तरी बेवारस लोणच्याचा डबा आहे, आणि त्यात विष आहे. आणि त्या विषात माझं जे काय असेल ते आहे. एक तर कुणाचा तरी जीव जाणार, नाही तर तो तुकडा गटारात जाणार आणि मला आयुष्यभर कळणार नाही की माझ्या अंगात काय होतं. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना.

भाऊ मिरजेत एकेक चहाचा गाडा विचारत फिरत होता. मिरजेत दवाखाने जितके, त्याच्या चौपट चहाचे गाडे. आणि तोही विचारत होता, “लोणच्याचा डबा ठेवलाय का कुणी?” त्याला मीच तसं बजावलं होतं, कुणाला खरं सांगू नको. लोणच्यासाठी कोण उठून शोधणार? कुणी मान वर करूनही बघत नव्हतं.

मग मी ग्रुप उघडला. त्यात सकाळचं एक गुलाबाचं चित्र होतं, त्याखाली नऊ जणांनी जोडलेले हात. मी लिहायला लागले. ‘माझ्या अंगातून’ असं लिहिलं. मग ते खोडून ‘छातीतून’ लिहिलं. मग तेही खोडलं. मग माझी मलाच चीड आली. मी परत लिहिलं:

‘आज सकाळी गाडीतून मिरजेला गेलेल्या स्टीलच्या डब्यात लोणचं नाही. माझ्या छातीतून काढलेली गाठ तपासायला पाठवली आहे. बाटलीतलं औषध विषारी आहे. कुणी उघडू नका. डबा कुठे आहे ते कळलं तर लगेच फोन करा.’

अंगठा किती वेळ अधांतरी होता कोण जाणे. आत्या आतून विचारत होत्या, ताक घेतीस का. मी अंगठा टेकवला.

पहिली दोन मिनिटं काही झालं नाही. मेसेज कुणी वाचला त्याची यादी मी उघडून बसले होते. एकेक माणूस वाचत होता. किराणा दुकानदार, माझ्या विद्यार्थ्याचा बाप, बँकेतला शिपाई. मला वाटलं पुसून टाकावं. मग फोन वाजला. आष्ट्याचेच एक बांगड्यांचे व्यापारी, आठवड्यातून तीनदा मिरजेला माल आणायला जाणारे, पांढरी दाढी, सगळे त्यांना चाचा म्हणतात.

“बाई, घाबरू नका,” ते म्हणाले. “डायवर लोक जेवत्यात तो गाडा मला म्हाईत हाय. पुलाखालचा. मी फोन लावतोय त्याला. तुमी फोन मोकळा ठेवा.”

मी फोन मोकळा ठेवला. तो वाजत राहिला. कुणी म्हणालं मी मिरजेतच आहे, स्टँडकडचे गाडे बघतो. कुणी ड्रायव्हरच्या घरी जाऊन आलं होतं. कुणी सांगितलं तो भाडं घेऊन म्हैसाळच्या बाजूला गेलाय, तिकडच्या दुसऱ्या गाडीवाल्याला त्याला अडवायला सांगितलंय. एकानेही विचारलं नाही की कसली गाठ, कधीपासून. अर्धा तास मी नुसतं व्हय, व्हय म्हणत होते. आत्या ताकाचा पेला घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पेला खाली ठेवून त्या माझ्या पायाशी बसल्या आणि माझा घोटा धरून राहिल्या.

दोनला दहा कमी असताना चाचांचा फोन आला. डबा सापडला होता. फडकं सोडलेलं होतं. एका ड्रायव्हरनं डबा उघडून बाटली काढली होती, उजेडात धरून हलवली होती आणि झाकण फिरवलं होतं. पण वासानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “हे कसलं लोनचं,” म्हणून त्यानं शिवी दिली, झाकण लावलं आणि डबा बाकाखाली सारला. भाकरी त्यानं चटणीशी खाल्ली. हे ऐकून मी हसले, मग रडले, मग टाके दुखले म्हणून थांबले. भाऊ पळत गेला. अडीचच्या आत बाटली लॅबमध्ये पोचली. तिथल्या माणसानं झाकण बघितलं, औषध थोडं सांडलंय म्हणाला, नवं घातलं. तुकडा शाबूत होता.

संध्याकाळी ड्रायव्हर घरी आला. चपला बाहेर काढून उंबऱ्याशी उभा राहिला. “बाई, खरं सांगायचं हुतं की,” तो म्हणाला. “लोनचं म्हनलासा म्हनून गाड्यावर ठिवलं मी. न्हाईतर हातातनं खाली ठिवलं आसतं व्हय?” तो रागावलेला होता, आणि त्याचा राग बरोबर होता.

रिपोर्टला आठ दिवस लागले. ते दिवस मी कसे काढले ते मी लिहीत नाही, ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहे. तिसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले. गाडीत चढले तेव्हा बोलणं एकदम थांबलं. मग कुणीतरी उन्हाळ्याबद्दल बोललं, आणि गाडी सुटली. मावशी तुंगला चढल्या. त्या दिवशी आणि पुढचे सगळे दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. एरवी भाजीच्या भावापासून सुनेपर्यंत सगळं सांगणारी बाई. मला वाईट वाटलं. मला वाटलं, शिवाशिव पाळतायत. हा रोग लागतो असं मानणारी माणसं आहेतच. एक दिवस मी मुद्दाम त्यांना म्हणाले, “मावशी, हे कुणाकडून कुणाला लागत नाही.” त्या “व्हय” म्हणाल्या आणि बाहेर बघत राहिल्या.

नवव्या दिवशी सकाळी, गाडी चौकात उभी असताना, डॉक्टरांचा फोन आला. साधी गाठ. काही नाही. पुन्हा वर्षानं दाखवा. मी मोठ्यानं सांगितलं, आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं? गाडीत सगळ्यांनी देवाचं नाव घेतलं. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, “आता खरं लोनचं द्या एकदा.” मी इतकी हलकी झाले होते की तुंगला मावशी चढताच त्यांनाही सांगितलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. “बरं झालं,” म्हणाल्या. गाडी डिग्रज ओलांडून गेली. मग त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, “बाई, माजी दोन वर्सं झाली. दगडागत हाय. आता वरनं कातडंबी आत वढल्यागत झालंय.”

मी त्यांच्याकडे वळू शकले नाही, वळायला जागाच नव्हती. “कुणाला माहीत आहे?” मी विचारलं.

“तुमाला.”

सांगलीला मी उतरले नाही. शाळेला फोन केला, वसतिगृहालाही केला, आणि त्यांना घेऊन तशीच मिरजेला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नुसता हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. तपासण्या नंतर झाल्या, त्यांतूनही तेच निघालं. काखेतही पसरलं होतं. परतीच्या गाडीत मला आठवलं की गेली दोन वर्षं मावशी आपली पिशवी मांडीवर न ठेवता आमच्या दोघींच्या मध्ये, उजव्या काखेशी धरून बसायच्या. आणि जानेवारीपासून मीही माझी पर्स डावीकडेच धरत होते. दोघी आपापलं राखत होतो. वर मी मनात म्हणायची, या बाईला पिशवी खाली ठेवायला काय होतं.

आता त्यांचे उपचार चालू आहेत. तीन आठवड्यांनी एकदा सलाईन असतं. त्या दिवशी त्या आमच्या बाकावर न बसता पुढच्या सीटवर एकट्या बसतात, आणि तेवढ्या दिवशी आमच्या गाडीत तेरा माणसं असतात. केस गेलेत, डोक्याला पदर घट्ट असतो. डॉक्टरीणबाई म्हणतात उशीर झाला आहे. किती, ते त्या सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही.

परवा उतरता उतरता मावशी म्हणाल्या, “तुमी त्या दिवशी फोनवर टाकलं, म्हनून मी बोलले. लय धीर तुमचा.” दिवसभर वर्गात ते वाक्य टोचत राहिलं. कसला धीर? त्या शनिवारी माझा भाऊ पावणेबाराला कोपऱ्यावर उभा असता, तर त्यानं गुपचूप डबा घेतला असता. नवव्या दिवशी मी गुपचूप सुटले असते. आणि मावशींच्या शेजारी बसून, पर्स मांडीवर घेऊन, भाजीचे भाव ऐकत मी आजही शाळेला गेले असते.